हुंकारचं उत्तर

माणसं कॉम्प्युटर कसा वापरतात हे बघत बसायचा मला पगार मिळतो. हे काम आहे असं आमच्या नातेवाइकांना अजून पटलेलं नाही. पण इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बोटांकडे आणि डोळ्यांकडे बघून मी एक गोष्ट पक्की शिकले. माणूस निवडत नाही. पडद्यावर जे आधीच निवडून ठेवलेलं असतं, ते तो तसंच राहू देतो. आधीच केलेली खूण बहुतेक जण पुसत नाहीत, आणि तेही त्यांना ते हवं असतं म्हणून नव्हे, तर पुसायचा कंटाळा असतो म्हणून. आमच्या धंद्यातल्या अर्ध्या हुशाऱ्या या कंटाळ्यावर उभ्या आहेत, आणि त्यात मी कुणाला हार जाणारी नव्हते.

माझा नवरा धैर्यशील सावर्डेकर सांगलीच्या कोर्टात वकील. आवाज असा, की खालच्या मजल्यावरचे पक्षकार दचकायचे. स्वभाव तिरसट. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या एकाही भाजीला त्याने "छान झालीय" म्हटलं नाही; "ताट रिकामं दिसतंय की, अजून काय पाहिजे?" असं म्हणायचा. या माणसाला पन्नाशीच्या आत मोटर न्यूरॉनचा आजार झाला. या आजारात बुद्धी शाबूत राहते, पण मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी एकेक करून मरतात. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. डोळे सगळ्यांत शेवटी जातात.

अशा रुग्णांसाठी आमच्या संस्थेने 'हुंकार' बनवलं. पलंगाला बसवलेला एक पडदा आणि त्यावर दोन कॅमेरे. पहिला कॅमेरा रुग्णाची नजर बघतो. पडद्यावर तीन वाक्यं येतात. ज्या वाक्यावर नजर टेकेल, ते वाक्य हुंकार त्याच्याच आवाजात बोलतं. आवाज आजाराच्या सुरुवातीलाच साठवून ठेवलेला असतो. कुठली तीन वाक्यं आणायची हे त्याच्या जुन्या बोलण्यावरून ठरतं. पण नुसत्या अंदाजावर गप्पा जमत नाहीत, म्हणून दुसरा कॅमेरा ऐकणाऱ्याचा चेहरा बघतो. ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडली तर ते वाक्य मागे टाकायचं. चेहरा सैल झाला तर तसलं वाक्य पुढच्या वेळी पहिलं आणायचं. ही कल्पना माझी होती.

आणखी एक सोय होती, तीही माझीच. नजर टेकवून टेकवून रुग्ण दमतात. तेव्हा चारेक सेकंद नजर कुठेच टेकली नाही, तर पहिलं वाक्य आपोआप बोललं जावं. रुग्णांचे कष्ट निम्म्यावर आले. सगळ्यांनी आम्हाला डोक्यावर घेतलं.

धैर्यशील हुंकारवर बोलायला लागला आणि घरात पुन्हा माणूस आल्यासारखं वाटलं. त्याचं 'उगं' आणि 'की' सगळं जागच्या जागी होतं, फक्त तो मऊ झाला होता. "मृणाल, दमलीस की गं, जरा बस." हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मोरीत जाऊन रडले. आजारात माणसं निवळतात असं सगळे म्हणतात, मीही तेच म्हणाले. आमची मुलगी शर्वरी वकिलीचं शिक्षण अर्धवट सोडून नाटक शिकायला बंगळुरूला गेली, तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद होतं. हुंकारवरून तो तिला म्हणाला, "तुझंच बरोबर होतं पोरी." त्या दिवसापासून ती रोज फोन करायला लागली.

मग श्वास उतरायला लागला. मिरजेच्या हॉस्पिटलातल्या डॉ. निलोफर तांबोळींनी सरळ सांगितलं, की छाती आता फार दिवस एकटीने काम करणार नाही. गळ्याला छिद्र करून नळी बसवली आणि श्वासाचं यंत्र लावलं, तर तो अजून काही वर्षं जगू शकेल. पण मग घराचंच हॉस्पिटल होतं. सारखा नळीतला कफ ओढायचा, कुणीतरी कायम उशाशी हवं. नळी नको असेल, तर तोही रुग्णाचा हक्क आहे. डॉक्टरांनी त्यालाच विचारलं. हुंकारने सावकाश उत्तर दिलं, "नको डॉक्टर. माझ्यापायी मृणालचे हाल नकोत. सुखानं जाऊ द्या."

उत्तर नोंदलं गेलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मी बाहेर येऊन सगळ्यांना फोन करून सांगितलं, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस आहे बघा.

पापण्या नीट मिटत नसल्यामुळे त्याचे डोळे कोरडे पडायचे. दुपारी डोळ्यांत मलम घालायचं, वर कापसाच्या घड्या ठेवून चिकटपट्टी लावायची आणि जरा वेळ तसंच राहू द्यायचं. त्या वेळी मी हुंकार बंद करून ठेवायचे. एका दुपारी कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या आणि मी हुंकार बंद न करताच उठून गेले. डाळ घोटत होते, तर आतून धैर्यशीलचा आवाज आला. शर्वरीचा फोन हुंकारवर लागला होता.

"जेवलीस का गं?"

"जेवले बाबा. तुम्ही?"

"माझं काय, पोटाच्या नळीतनं जेवण. पण तुझी आई मायेनं भरवती की."

मी हसत हसत दाराशी आले. धैर्यशील उताणा पडलेला होता. दोन्ही डोळ्यांवर कापूस, त्यावर चिकटपट्टी. आणि त्याचा आवाज लेकीला सांगत होता, "तुझ्या नाटकाला मला यायचंय बघ."

मी फोन तोडला. पट्ट्या इतक्या घाईने ओढल्या, की त्याच्या भुवईचे चार केस निघून आले. मग नेहमीसारखं विचारलं, "काही हवंय का?" हुंकार म्हणालं, "काही नको गं, तू आहेस ना." नजरेच्या कॅमेऱ्यावर अंगठा दाबून धरला आणि पुन्हा विचारलं. "काही नको गं, तू आहेस ना."

कुठल्याही विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी कळावं असं ते होतं. डोळे आडवे फिरवणारे स्नायू गेले होते. हुंकारला नजर सापडत नव्हती, म्हणून ते दर वेळी पहिलं वाक्य बोलत होतं. कधीपासून, ते कळायला मार्ग नव्हता, पण काही महिने तरी नक्की. आणि पहिलं वाक्य कुठलं, ते माझ्या चेहऱ्यावरून ठरत होतं. मला जे ऐकून बरं वाटत होतं, तेच मला नवऱ्याच्या आवाजात ऐकवलं जात होतं. मी जेवढी खूश होत गेले, तेवढा तो गोड होत गेला.

मग "नको डॉक्टर" हे उत्तर कुठून आलं? श्वासाच्या यंत्राचं नाव निघालं की माझ्या चेहऱ्यावर काय येत होतं, ते मला माहीत नव्हतं. हुंकारला माहीत होतं.

मी हुंकार बंद केलं आणि त्याच्या तोंडावर वाकले. "धैर्या, ऐकतोयस का? डोळे हलव. कसेही हलव."

बराच वेळ काही झालं नाही. मग बुबुळं वर गेली, अगदी जराशी. मी पुन्हा सांगितलं, ती पुन्हा गेली. वर बघण्याची एवढीशी ताकद उरली होती. हुंकारच्या कॅमेऱ्याला ती हालचाल दिसत होती, पण इतकी बारीक हालचाल म्हणजे नुसती थरथर, ती सोडून द्यायची, असं आम्हीच त्याला शिकवलं होतं.

शाळेत म्हणायचो तशी मी मुळाक्षरं म्हणायला लागले. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग. बुबुळं वर गेली की थांबायचं आणि त्या वर्गातलं एकेक अक्षर म्हणायचं. तो मध्येच दमायचा, मी थांबायचे. दोन शब्दांना अख्खी दुपार गेली.

कुठं होतीस.

रोज त्याच्या उशाशी बसून मी भलत्याच कुणाशी बोलत होते, हसत होते, आणि तो ते ऐकत पडला होता. आयुष्यभर उठून हरकत घेणारा हा माणूस, स्वतःच्या मरणाचा निकाल स्वतःच्याच आवाजात ऐकून घेत होता आणि त्याला एक शब्द काढता आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "नळी बसवायची?" डोळे वर गेले. "नक्की?" पुन्हा वर. मग त्याने स्वतःहून अक्षरं मागितली. मरायचं नाय, एवढंच म्हणाला.

शर्वरीला हे फोनवर सांगणं जमेना, तिला बोलावून घेतलं. तिने सगळं उभ्यानेच ऐकलं. बॅगही खांद्यावरून काढली नव्हती.

"म्हणजे माझं बरोबर होतं असं म्हणाले, ते?"

"ते यंत्र होतं गं."

"मग बाबा माझ्याशी अजून बोलतच नाहीयेत," ती म्हणाली आणि आत जाऊन त्याच्या पायाशी बसली. तिला जवळ घ्यावं असं फार वाटलं, पण मी दारातच उभी राहिले.

त्या आठवड्यात त्याला श्वास पुरेना म्हणून रुग्णवाहिकेतून मिरजेला नेलं, हुंकारही सोबत नेऊन तिथल्या पलंगाला बसवलं. तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावला होता आणि छातीची नुसती ओढाताण चालली होती. डॉ. तांबोळींनी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, पण मान हलवली नाही.

"मृणालताई, त्यांचा नकार नोंदलेला आहे. नियमाप्रमाणे तो त्यांनीच बदलायचा, हुंकारवर, माझ्यासमोर. तुम्ही अक्षरं म्हणून काढलेलं उत्तर मला घेता येत नाही."

"अहो, पण ते यंत्र त्याचं बोलतच नाहीये."

"मग तपासणीला पाठवू या. महिनाभर तरी लागेल."

"महिना आहे का त्याच्याकडे?"

त्यांच्यावर चिडायची सोय नव्हती. तो नियम व्हावा म्हणून कमिटीसमोर मीच भांडले होते. अक्षरांच्या पाटीवर बोलणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक नकळत स्वतःच्याच मनातलं वाचतात, हे आम्ही प्रयोग करून दाखवलं होतं. इस्टेटी लाटल्या गेल्या होत्या त्या पाट्यांवर. नातेवाइकांनी हात घालू नये म्हणून नकार नोंदला गेला की हुंकारच्या सेटिंगना आतून कुलूप लागतं. ते उघडायची किल्ली आम्ही मुद्दामच कुणाकडे ठेवली नव्हती.

एक वाट उरली होती. पहिलं वाक्य माझ्या चेहऱ्यावरून ठरत असेल, तर माझ्या चेहऱ्यानेच ते बदलायचं. रुग्णाची रोजची काळजी घेणारं माणूस हुंकार एकच ओळखतं, त्यामुळे शर्वरीचा उपयोग नव्हता. मी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. यात खोटं काही नव्हतं, त्याला जगायचंच होतं. मला फक्त ते मनापासून हवं असायला पाहिजे होतं.

"धैर्यशील, गळ्याला नळी बसवून श्वासाचं यंत्र लावायचं का?" डॉक्टरांनी विचारलं.

मी हसले. खोटं हसून हुंकार फसत नाही हे मला ठाऊक होतं, तरी हसले. मनात म्हणत राहिले, राहा, राहा. आणि म्हणता म्हणता समोर आलं ते कफ ओढायचं मशीन. त्याचा तो आवाज, अंथरुणाचा वास, मान न वळवता येणारं ते शरीर, आणि त्याच्याशेजारी म्हातारी होत गेलेली मी. हे सगळं क्षणभरच आलं. क्षणभर पुरतं.

"नको डॉक्टर," धैर्यशीलचा आवाज म्हणाला. "मृणाल लई दमलीय."

मास्कच्या वर त्याची बुबुळं वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. तो जीव तोडून वर बघत होता. डॉक्टरांना वाटलं डोळे फिरतायत. "त्यांना त्रास होतोय, आता पुरे करू या," त्या म्हणाल्या.

मी पडदा फिरवून भिंतीकडे केला. तोंडात मारल्यासारखं झालं होतं, पण रडायला वेळ नव्हता.

"डॉक्टर, नातेवाईक स्वतःच्या मनातलं वाचतात, हे तुम्हाला माझ्याच अहवालातून माहीत आहे. मग मी नको. तुम्ही वाचा."

"मीही माझ्या मनातलंच वाचेन की."

"म्हणून त्याला असं काहीतरी विचारा, जे तुम्हाला ठाऊक नाही आणि मला ठाऊक आहे. मी बाहेर जाते. उत्तर मिळालं की बाहेर या आणि तोच प्रश्न मला विचारा. जुळलं नाही, तर पुन्हा तोंड उघडणार नाही."

डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं, मग दाराकडे. मग खुर्चीवर बसल्या. "अक्षरं कशी म्हणायची ते एकदा दाखवा."

मी आणि शर्वरी बाहेरच्या बाकावर बसलो. आतून डॉक्टरांचा आवाज ऐकू येत होता. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग. मध्ये थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. एकदा बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. शर्वरीने माझा हात धरला तो इतका घट्ट, की बांगडी रुतली. मी देवाधर्मातली बाई नव्हे, पण त्या बाकावर बसून कुणाकुणाच्या विनवण्या केल्या ते सांगत नाही. आणि मध्येच मनात येत होतं, की उत्तर जुळलं नाही तर सगळं सुटेल. तेही येत होतं. ते यायचं थांबेना.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना.

"हे हरले ती पहिली केस कशाची होती?"

"म्हशीची," मी म्हणाले. "म्हैस विकणाऱ्याची की घेणाऱ्याची, यावर वाद होता. बोलता येत होतं तोवर त्या जज्जला शिव्या द्यायचा."

डॉक्टर आमच्या शेजारी बाकावर बसल्या. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "म्हैसच म्हणाले. मला वाटलं माझं काहीतरी चुकतंय, म्हणून तीनदा काढलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "मी माझ्या सहीने लिहून देते. नियमाचं काय व्हायचं ते माझं होईल. त्यांना जगायचंय, हे मी स्वतः वाचलंय."

शर्वरी उठून उभी राहिली. डॉक्टरांनी हाताने तिला थांबवलं.

"अजून एक आहे. त्यांनी तुमच्या आईला विचारायला सांगितलंय." त्या माझ्याकडे वळल्या. "'तिला झेपंल का', असं विचारलंय. झेपणार नसेल तर नळी नको म्हणाले. त्यांचं उत्तर तुमच्या उत्तरावर आहे."

किती महिने हुंकारच्या तोंडून तो हेच ऐकत आला होता, मृणाल दमलीय, मृणालचे हाल नकोत. ते यंत्राचं बोलणं आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण यंत्र ते कुठून आणतंय, हेही त्याने ओळखलं होतं. आडवं पडून त्याला दुसरं काम काय होतं?

मी आत गेले. हुंकार भिंतीकडे तोंड करून उभं होतं. तरीही माझा चेहरा कुणीतरी बघत होतं, आणि तो बघणारा साक्षीदारांची उलटतपासणी करण्यात आयुष्य घालवलेला माणूस होता. झेपेल रे, त्यात काय, हे वाक्य ओठांवर आलं होतं. सगळ्यांत सोपं तेच होतं. मी ते गिळलं.

"मी दमलेय," मी म्हणाले. "खूप दमलेय. तू गेलास तर सुटेन, असं माझ्या मनात येऊन गेलंय. एकदा नाही. आत्ता बाहेर बाकावर बसले होते तेव्हाही आलं. यंत्राने ते माझ्याच तोंडावरनं वाचलं. झेपेल की नाही, मला खरंच माहीत नाही धैर्या. बहुतेक नाही झेपणार. मी चिडेन, तुला बोलेन, कधी कफ ओढायला उशीर करेन." मी आणखी जवळ वाकले. "तरी तू हवायस. तो गोडबोल्या नको. मला तू हवायस. नळी बसवायची?"

दारात डॉक्टर आणि शर्वरी उभ्या होत्या. मास्कमधला श्वास तेवढा ऐकू येत होता. धैर्यशील माझ्याकडे बघत होता. चार सेकंद गेले, आणखी कितीतरी गेले. मी नजर हलवली नाही. खोटं बोलणाऱ्या साक्षीदाराकडे तो जसा बघायचा, तसाच बघत राहिला.

मग त्याने डोळे वर केले.